पाच वर्षं चालणारे दिवे

३ डिसेंबर २००६, रवि.
पॅसेजमधला दिवा गेला. लावून महिना झाला असेल नसेल. मिलिंद शिडीवर उभा राहून बल्ब कानाशी धरून हलवत होता. दिवाळीनंतर त्याने घरातले सगळे पिवळे बल्ब उतरवले आणि हे सीएफएल लावले. विजेची बचत, शिवाय डब्यावर लिहिलंय पाच वर्षं. मी तेव्हाच म्हटलं, पाच वर्षं आपण तरी जयपुरात असू का? रेल्वेची बदली त्याच्या आधी येईल. तर म्हणे, मग काढून बरोबर नेऊ. हा माणूस भिंतीतला खिळासुद्धा मागे ठेवत नाही.

झोटवाड्याचा दुकानदार प्रत्येक बल्बच्या बुडाशी मार्करने तारीख घालतो. वर्षाच्या आत गेला की बदलून देतो. दिला बदलून.

७ डिसेंबर
आज पुन्हा तेच. मी आंघोळीला आत, डोक्यावर शिकेकाई, आणि नानांनी बाहेरून लाइट बंद केला. ओरडले. "तू आहेस होय आत? मला वाटलं कोणी लावून विसरलं," म्हणाले आणि लगेच लावला.

सासूबाई गेल्यावर वर्ध्याच्या घराला कुलूप घालून मिलिंद वडिलांना इकडे घेऊन आला, त्याला आता तीन महिने होतील. आयुष्यभर जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. तिथे एक वर्ग सुटला की दुसऱ्या वर्गात जायचं. इथे एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जातात आणि जाताना मागचा दिवा बंद करतात. मागे माणूस बसलेला असला तरी. मी भाजी चिरत असते आणि अंधार होतो.

सांगावंसं वाटतं. सांगत नाही. तिकडे सासूबाई सांगत असतील, किंवा सोडून देत असतील.

१० डिसेंबर, रवि.
सं. बुद्धवंदना झाली. नंतर ऋतू त्यांना मराठी पेपर वाचून दाखवत होती. नागपूरहून पोस्टाने येतो, त्यामुळे बातम्या सगळ्या शिळ्या. पोरगी अडखळत वाचते, हिंदी शाळेची सवय. मध्येच "मतलब" म्हणते. नाना रागावत नाहीत. "पुन्हा वाच. घाई नाही," एवढंच. माझ्या वर्गात मी अशी वागले असते तर सोडाल्याच्या शाळेत मला मुलांनी विकून खाल्लं असतं.

छान वाटलं दोघांना बघून.

२१ डिसेंबर
थंडी फार. नवे दिवे थंडीत आळशीपणा करतात, बटण दाबलं की आधी मिणमिणतात, मग सावकाश उजेड. नाना म्हणाले, "उठायचा कंटाळा करून राहिला." तोवर त्यांना वाटतं लागलाच नाही, म्हणून बंद करून पुन्हा लावतात. पुन्हा मिणमिण. पुन्हा बंद.

हॉलमधला गेला. बदलून आणला.

६ जानेवारी २००७
किचनमधला. आणि जिन्यातला. एकाच आठवड्यात दोन. दुकानदार या वेळी बोललाच, "भाईसाहब, आपके घर में ही इतने क्यों जाते हैं?" मिलिंदला लागलं ते.

७ जानेवारी, रवि.
मिलिंदला हिंदी पेपरात सापडलं. सीएफएल सारखा बंद-चालू केला की त्याचं आयुष्य कमी होतं. मोठ्याने वाचून दाखवलं, चहा घेता घेता. आम्ही तिघांनी नानांकडे पाहिलं. मी पाहिलं, मिलिंदने पाहिलं, ऋतूनेसुद्धा.

नाना बशीतला चहा पीत होते. "असं काय," म्हणाले. "बरं. लक्षात ठेवतो."

१५ जानेवारी
लक्षात राहत नाही. हात आपोआप जातो त्यांचा. बटणापाशी गेल्यावर आठवतं, मग हात मागे घेतात, मग उभेच राहतात. पाच मिनिटांनी बघावं तर दिवा बंद आणि माणूस आपल्या खोलीत.

ऋतूची दहावी. तिच्या टेबलावरचा दिवा गेला तर रडायला लागली. म्हणे पेपर जवळ आले आणि घरात साधी लाइट नाही. मी पण वैतागले. शाळेतून बसने लटकत यायचं, स्वयंपाक करायचा आणि वरून हे.

२४ जानेवारी
आज बोलले मी. लिहून ठेवते म्हणजे उद्या मनात गोड करून घेणार नाही.

पोळ्या लाटत होते. नाना पाण्याला आले, पाणी प्यायले, गेले आणि जाता जाता दिवा बंद. मी म्हटलं "नाना!" तर धावत परत आले, लावला. लागला आणि लगेच गेला. कायमचा. नवाच होता.

मी लाटणं आपटलं. म्हटलं, "तुमच्या हाताला काही काम उरलं नाही म्हणून बटणं दाबत फिरता का तुम्ही?"

मेणबत्ती कुठे आहे ते त्यांना माहीत होतं, ती शोधून आणली, पेटवून ओट्यावर ठेवली आणि गेले.

पोळ्या करपल्या दोन.

२५ जानेवारी
माफी मागायची होती सकाळी. शाळेची घाई. संध्याकाळी मागू म्हटलं.

२८ जानेवारी, रवि.
संध्याकाळी मागितली नाही ती नाहीच. आणि आज मिलिंदने ऑफिसमधून आणलेली लाल टेप काढली. पॅसेज, बाथरूम, जिना, तिन्ही बटणं चालू करून त्यावर टेप. दिवसरात्र जळू दे, पण बंद-चालू नको, म्हणजे टिकतील. हॉलच्या बोर्डावर टेप बरी दिसत नाही म्हणून ऋतूकडून चार्टपेपरवर लिहून घेतलं, कृपया बार-बार बत्ती बंद न करें। खाली लाल रंगाने रेघ. मी म्हटलं, अरे, घर आहे हे. तो म्हणाला, रोज तूच तर कटकट करतेस.

करते. खरंय.

"नानांच्या खोलीचं बटण राहू दे," एवढं मात्र मी म्हटलं. तिथे कोणाला त्रास.

नानांनी ती पाटी उभं राहून पूर्ण वाचली. आम्ही तिघं उगाच इकडेतिकडे. मग म्हणाले, "अक्षर चांगलं आहे पोट्टीचं."

ऋतू आत जाऊन बसली. जेवायला आली नाही लवकर.

५ फेब्रुवारी
भर दुपारी पॅसेजमध्ये दिवा जळतो आहे. बाहेर ऊन, आत दिवा. विजेची बचत करणारा दिवा. नाना त्याच्याखालून जाताना वर बघत नाहीत, मान खाली घालून भराभर जातात, जसं कोणाचं भांडण चाललंय आणि आपण ऐकलं नाही असं दाखवायचंय.

काढावी टेप असं दोनदा मनात आलं. मग वाटलं, मिलिंद रागावेल. मग वाटलं, महिनाभर बघू या तरी, टिकतात का.

११ फेब्रुवारी, रवि.
नाना आता आपल्या खोलीतच असतात जास्त. पेपर वाचून घेत नाहीत ऋतूकडून. "तिचा अभ्यास आहे, राहू दे." हॉलमध्ये आले तरी हात मागे बांधून उभे राहतात, शाळेत मुलांना उभं करतात तसे. खालच्या घरमालकीण आंटी म्हणाल्या, "बाबूजी आजकल नीचे बहुत बैठते हैं, धूप में।" मी म्हटलं थंडी आहे ना.

१४ फेब्रुवारी
रात्री जेवताना नाना म्हणाले, "मिलिंद, माझा पास काढतो काय? कुंदाकडे जाऊन येतो." कुंदा माझी नणंद, वर्ध्यातच असते. मिलिंद म्हणाला, ऋतूची परीक्षा होऊ द्या, सगळेच जाऊ. ते म्हणाले, "परीक्षेतच घरात शांतता पाहिजे न."

मी वाढत होते. वाढत राहिले. थांबा म्हणायला तोंड होतं मला. तेवढं एक वाक्य म्हटलं असतं तर, पण मनात काय आलं तेही लिहिते. मनात आलं, परीक्षा संपेपर्यंत बरंच होईल.

२० फेब्रुवारी
स्टेशनवर गेलो तिघंही. ऋतूने वाकून नमस्कार केला तर त्यांनी तिच्या हातात पेन ठेवलं, पेपरसाठी. मी डबा दिला. गाडी सुटायच्या आधी खिडकीतून म्हणाले, "शोभा, आता टिकतील दिवे."

टोमणा नव्हता. टोमणा मारायचा स्वभावच नाही त्यांचा. मनापासून म्हणाले, आणि म्हणूनच तेव्हापासून ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. घरी आल्यावर मी पहिली ती हॉलमधली पाटी काढली. मिलिंदने बघितलं.

टेप मात्र राहिली. विसरलो.

११ मार्च, रवि.
ऋतूचे पेपर सुरू आहेत. घर शांत. इतकं शांत की मीच मधून मधून टीव्ही लावते.

पॅसेजमधला गेला.

टेपखालचा. ज्याच्या बटणाला जानेवारीपासून कोणी बोट लावलेलं नाही, तो. सकाळी उठून बघते तर काळा पडलाय बुडाशी. मिलिंद म्हणाला, एखादा निघतो खराब. मी पण म्हटलं, निघतो एखादा.

२५ मार्च, रवि.
जिन्यातला. तोही टेपखालचा.

आम्ही दोघंही त्याच्याकडे बघत उभे होतो. मिलिंद शिडी आणायला गेला तो बराच वेळ आलाच नाही. मी जाऊन बघितलं तर गॅलरीत उभा होता.

१ एप्रिल, रवि.
बल्ब बदलायला मी गेले. या वेळी विचारलंच दुकानदाराला, भैया, खरं सांगा, किती चालतो हा? त्याने खांदे उडवले. "मैडम, किसी के यहाँ तीन साल से चल रहा है, किसी के यहाँ तीन महीने। डिब्बे पर तो कंपनी लिखती है।" म्हटलं, बंद-चालू केल्याने जातो का? म्हणाला, त्यानेही जातो. कमी-जास्त व्होल्टेजनेही जातो. बंद काचेच्या शेडमध्ये तापूनही जातो. आणि कधी काहीच कारण नसतं, जातो.

आमच्याकडे सगळ्याच आहेत काचेच्या बंद शेड. शोभेच्या. मीच पसंत केल्या होत्या. आणि संध्याकाळी इकडे व्होल्टेज कसं वरखाली होतं ते पंख्याकडे बघून कोणीही सांगेल. आंटींच्या घरात पण दिवाळीपासून चार गेले, आज विचारलं तेव्हा कळलं, आधी मी कधी विचारलंच नव्हतं त्यांना.

नक्की कशाने जातात ते मला अजूनही माहीत नाही. नानांमुळेही गेले असतील एकदोन. पण आम्ही तर सगळे त्यांच्याच नावावर टाकून मोकळे झालो.

२ एप्रिल
मिलिंदशी भांडण. मी म्हटलं, शेड आणि व्होल्टेज तेव्हा का नाही सुचलं तुला? रेल्वेच्या सिग्नलमध्ये काम करतोस आणि स्वतःच्या घरातलं कळत नाही? तो म्हणाला, हाताला काम नाही असं मी नव्हतो म्हणालो. म्हणजे ऐकलं होतं त्याने त्या दिवशी. हॉलमध्ये बसून ऐकलं होतं आणि आजपर्यंत एका शब्दाने बोलला नव्हता.

मी म्हटलं, मग तेव्हाच का नाही अडवलंस मला? तर म्हणाला, "कारण मलाही तेच म्हणायचं होतं."

दोघांनी मिळून टेप काढली. चिकट राहिली बटणांवर. रॉकेलने पुसली तरी बोटाला लागते.

२० एप्रिल
उन्हाळा चढला. नानांची खोली झाडायला घेतली, ते गेल्यापासून ती बंदच होती. पांघरुणाची घडी इतकी नीट की पाहुणे उठून गेल्यासारखी. खिडकीत पेपरांचा गठ्ठा, तारखेने लावलेला.

अंधार होता म्हणून बटण दाबलं. दिवा लागला. उभी राहिले तशीच. मग स्टूल घेऊन शेड काढली, बुडाशी बघितलं तर नोव्हेंबरची तारीख. पहिलाच. एकदाही न बदललेला. या खोलीत तर ते दिवसभरात किती वेळा लावत आणि बंद करत, पाणी प्यायला उठले तरी, चष्मा शोधायचा असला तरी.

खाली उतरले आणि त्यांच्या पलंगावर बसून रडले. चांगली खूप रडले. नंतर तोंड धुऊन स्वयंपाकाला लागले, काय करणार.

२२ एप्रिल, रवि.
फोन लावला. कुंदाने उचलला. नाना बरे आहेत, म्हणाली. जेवतात, फिरायला जातात. "थोडे गप्प झालेत वहिनी, आईची आठवण येत असंल." मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते.

नाना फोनवर आले. मी म्हटलं, नाना, तुमच्या खोलीतला दिवा अजून चालू आहे. "हो काय? चांगलं झालं," म्हणाले. मग ऋतूची चौकशी, मग उकाड्याची. मी गाडी पुन्हा तिकडे वळवायला बघत होते तर म्हणाले, "बरं ठेवतो, तुझं बिल वाढते."

२ मे
पौर्णिमा. खीर केली. विहारात जाऊन आलो, आठदहा घरं जमली होती, सगळी इकडची रेल्वेचीच. सगळ्यांनी विचारलं, नाना कुठे? मिलिंद म्हणाला, गावाला, हवापालट. मी बाजूला झाले.

१० जून, रवि.
ऋतूचा निकाल लागला, चांगले मार्क. फोनवर ती नानांना म्हणाली, "आजोबा, तुम्ही या ना, मतलब मी मराठी विसरून चाललेय." ते हसले म्हणे. मग काय म्हणाले? "बघू म्हणाले."

मग माझ्याकडे वळून पोरगी म्हणते, "मम्मी, ती पाटी मी लिहायला नको होती ना?" मी म्हटलं, तुला आम्ही सांगितलं म्हणून लिहिलीस. "पण लाल रेघ मी मनानेच मारली होती," म्हणाली. सोळा वर्षांची आहे. काय सांगू तिला.

१९ जुलै
मिलिंद स्वतः जाऊन आला वर्ध्याला, दोन दिवस. एकटाच परत आला. "तब्येत चांगली आहे. यायचं नाही म्हणत नाहीत. या म्हटलं की पावसाळा होऊ दे म्हणतात." बोललास का काही? "काय बोलू? समोर बसले की बोलवत नाही. दोघंही पेपर वाचत बसलो."

बाप-लेक. एकाला बोलता येत नाही आणि दुसरा बोलू देत नाही.

२६ ऑगस्ट, रवि.
ठरवलं. मीच जाते. शाळेतून चार दिवसांची रजा काढली. मिलिंद म्हणाला, काय सांगशील? म्हटलं, जे झालं ते.

१५ सप्टेंबर, गाडीत
झोप नाही. वाक्यं जुळवते आहे. नाना, मी त्या दिवशी जे बोलले ते. नाना, दिवे तुमच्यामुळे जात नव्हते. नाना, दिवे तुमच्यामुळे गेले असते तरी मी तसं.

हे तिसरं खरं आहे. हेच म्हणायचं.

१६ सप्टेंबर, रवि. वर्धा
दु. पोचले. कुंदाने गरम वरण-भात वाढला, गप्पा मारल्या. नाना वाळलेत थोडे. मला बघून आनंद झाला त्यांना, खरोखरचा. ऋतूने पाठवलेली चिठ्ठी दोनदा वाचली.

सं. बाहेरच्या खोलीत गेले तर अंधारात बसलेले. मांडीवर पेपर उघडा, वाचता येण्यासारखा उजेड केव्हाच गेलेला. म्हटलं, "नाना, लाइट नाही लावला?"

"कुंदा लावंल न."

मी लावला. शेजारी बसले. गाडीतलं सगळं म्हटलं, तिसरं वाक्य आधी म्हटलं. रडायचं नाही ठरवलं होतं, ते जमलं नाही. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "काहून रडते? मी तर विसरलो," म्हणाले. खरंच विसरले की मला मोकळं करायला म्हणाले, ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं नाही.

म्हटलं, चला माझ्याबरोबर. बुधवारचं तिकीट काढते. म्हणाले, "बघू."

आतून कुंदाने जेवायला हाक मारली. उठले, दारापर्यंत गेले आणि बटणापाशी थांबले. मी बघत होते. माझ्याकडे वळून म्हणाले, "शोभा, हा बंद केला तर चालते काय?"

मी म्हटलं, "हो नाना. करा न."

तरी त्यांनी हात उचलला नाही. बाजूला सरकले आणि मी येऊन बंद करीपर्यंत उभे राहिले.